अपराध अनुमानाचा की अनुमात्याचा?

चालू इंजिनातून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून आतला कोणता भाग झिजला आहे हे ठरवणे म्हणजे न्यायदर्शनाच्या परिभाषेत अनुमान करणे होय. आवाज कानाला प्रत्यक्ष मिळतो. झीज मात्र इंजिन खोलेपर्यंत कोणत्याही इंद्रियाच्या टप्प्यात येत नाही, आणि ऐकलेल्यावरून न पाहिलेल्याकडे बुद्धीला नेणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे व्याप्ती, अर्थात ‘जेथे जेथे हे चिन्ह, तेथे तेथे ती वस्तू’ असा त्या दोहोंचा अव्यभिचारी, म्हणजे अपवाद नसलेला, संबंध. चिन्हाला न्यायशास्त्र लिंग किंवा हेतू म्हणते, जे सिद्ध करायचे त्याला साध्य, आणि ज्या ठिकाणी ते सिद्ध करायचे त्या ठिकाणाला पक्ष. डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करताना धूर हा हेतू, अग्नी हे साध्य आणि डोंगर हा पक्ष असतो, हे अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. गाडीच्या बाबतीत इंजिन हा पक्ष, ठकठक हा हेतू आणि झिजलेले बेअरिंग हे साध्य. एवढ्यापुरती रचना जुळते, पण त्या जुळण्याचे कौतुक करण्याचे कारण नाही, कारण कोणतेही निदान या साच्यात बसवता येते. विचार करण्याजोगा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बेअरिंग वाजते आहे असे समजून इंजिन खोलले आणि बेअरिंग धड निघाले, तर दोष कोणाचा मानायचा: अनुमान नावाच्या प्रमाणाचा, की ते करणाऱ्या माणसाचा?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात हाच प्रश्न पूर्वपक्ष म्हणून मांडलेला आहे, आणि त्यासाठी निवडलेली तीन उदाहरणे मोठ्या नेमकेपणाने निवडलेली आहेत. नदीला पूर आला की वर कोठेतरी पाऊस झाला असे लोक मानतात, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार असे मानतात, आणि मोराची केका ऐकू आली की मोर जवळ आहे असे मानतात. आक्षेपकाचे म्हणणे असे की नदी खाली अडवली गेली तरी पाणी चढते, वारूळ मोडले तरी मुंग्या अंडी घेऊन पळतात, आणि माणूसही मोराची हुबेहूब नक्कल करू शकतो. तेव्हा तिन्ही ठिकाणी हेतू साध्याला सोडून राहतो, आणि जो हेतू असा सोडून राहतो त्यावर उभारलेल्या अनुमानाला प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, म्हणता येत नाही. सूत्रकाराचे उत्तर थोडक्यात असे की आक्षेपकाने दाखवलेल्या वस्तू वेगळ्याच आहेत. भाष्यकार वात्स्यायन, ज्याचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास धरला जातो, हे उत्तर फोडून सांगतो. नुसते चढलेले पाणी हा पावसाचा हेतू नव्हेच. प्रवाहाला ओढ असणे, पाण्यावर पुष्कळ फेस असणे, फळे, पाने आणि लाकडे वाहून येणे अशा विशेषणांनी युक्त असा पूर हा हेतू होय. घाबरून धावणाऱ्या काही मुंग्या हा हेतू नव्हे, आणि मोरासारखा आवाज हाही नव्हे. जो या विशेषांकडे न पाहता सामान्य साम्यावरून निष्कर्ष काढतो त्याची चूक ही अनुमान करणाऱ्याची, म्हणजे अनुमात्याची, आहे; अनुमानाची नव्हे.

तीन उदाहरणांपैकी मोराचे उदाहरण येथे अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात हेतू हा आवाज आहे आणि आवाजाची विशेषणे पाहता येत नाहीत. पुरातला फेस आणि लाकडे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ‘विशिष्ट पूर’ हा हेतू साध्याची मदत न घेता ओळखता येतो. ‘मोराचाच आवाज’ हा हेतू तसा नाही. हेतू ‘मोरासारखा आवाज’ असा मांडला तर तो नक्कल करणाऱ्या माणसापाशीही सापडतो, आणि त्याला सव्यभिचार, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही राहणारा, असा हेत्वाभास म्हणावे लागते. आणि ‘मोराचाच आवाज’ असा मांडला तर तो कधी व्यभिचरत नाही हे खरे, पण मोर आहे हे आधी कळल्याखेरीज तो मोराचाच आहे हे कळणार कसे, असा पेच पडतो. व्यभिचार टाळण्यासाठी साध्यच हेतूच्या पोटात घालून ठेवले, असा हा प्रकार होतो. वात्स्यायनाला या अडचणीची जाणीव असावी, कारण या ठिकाणी तो सर्पादिकांचा दाखला देतो: ज्याला विशिष्ट आवाजातला विशेष कळतो त्याच्यासाठी तो लिंग ठरतो, जसा तो सापांसाठी ठरतो. सापाच्या श्रवणशक्तीचा वाद बाजूला ठेवला तरी दाखल्यातला आशय मार्मिक आहे. मोर सापाला खातो, त्यामुळे खरी केका आणि नकली केका यांतला फरक ओळखण्यावर सापाचा जीव अवलंबून असतो, आणि तो फरक शब्दांत सांगता आला नाही तरी त्याला कळतो. अनुभवी मिस्त्रीच्या कानाविषयी गॅरेजांतून जे बोलले जाते ते याहून फार वेगळे नसते.

पण कानावर सोडून देण्यापूर्वी, आवाजाची विशेषणे साध्याला न विचारता किती दूरपर्यंत ठरवता येतात हे पाहणे आवश्यक आहे, आणि ती बरीच दूरपर्यंत ठरवता येतात. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनची वर-खाली हालचाल कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्टला फिरवते, आणि क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एकदाच फिरतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे १३ वेळा आणि कॅमशाफ्ट सुमारे साडेसहा वेळा फिरतो. त्यामुळे एका व्हॉल्व्हच्या सैल टॅपेटची, म्हणजे कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या भागाची, टकटक तुलनेने संथ असते आणि क्रँकशाफ्टशी जोडलेल्या भागाचा आवाज तिच्या दुपटीने येतो. जागेवर उभ्या गाडीत हा फरक सरावलेल्या कानाला, आणि स्ट्रोबोस्कोप किंवा कंपनमापकासारख्या उपकरणाला निःसंदिग्धपणे, कळतो. आवाजाचा वेग कशाच्या वेगाशी बांधलेला आहे, हे पहिले विशेषण झाले. तो थंड इंजिनात येतो की गरम इंजिनात, हे दुसरे. आणि गाडीवर भार पडला, म्हणजे चढावर किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, तो वाढतो की नाही, हे तिसरे. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजले असेल तर भाराबरोबर ठोके वाढतात, आणि ऑइल तापून पातळ झाल्यावर ते बहुधा अधिकच स्पष्ट होतात. उलट पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असेल तर तो आवाज सकाळच्या थंड इंजिनात मोठा असतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की फट कमी होऊन दबतो.

येथवर वात्स्यायनाचा विजय आहे असे वाटते. विशेषणे वाढवत गेले की व्यभिचार मागे हटतो. तरीही नक्कल करणारे इंजिनात जितके दडलेले असतात तितके मोराच्या रानात नसावेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतून बाहेर पडणारा धूर एकत्र करणाऱ्या नळकांड्याची, गॅस्केट फुटली तर दाबाखालचा वायू फटीतून सुटताना जी टिकटिक होते ती टॅपेटच्या टिकटिकीशी सहज गल्लत करणारी असते, आणि तिचा वेगही कॅमशाफ्टच्याच वेगाचा असतो, कारण एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. इंजिन तापले की धातू पसरून फट मिटते आणि आवाज थांबतो. पण रात्रभर खाली उतरलेले ऑइल वर पोचून हायड्रॉलिक टॅपेट भरला की त्याचाही आवाज थांबतो, आणि पिस्टनचाही दबतो. म्हणजे ‘तापल्यावर थांबणारा’ हे विशेषण लावून जो हेतू नेमका केला असे वाटले तो तीन वेगवेगळ्या साध्यांपाशी राहतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी तडकली तर ती बेअरिंगसारखी ठोकते, आणि यापायी धड इंजिने खोलली जातात हे त्या धंद्यातल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. फुटलेल्या गॅस्केटपाशी मात्र काजळीचा काळा पट्टा दिसतो. तो डोळ्यांना दिसत असल्याने पुरातल्या लाकडांच्या जातीचा आहे, आणि म्हणूनच चांगला मेकॅनिक कानाच्या आधी टॉर्च काढतो.

विशेषणे नुसती गोळा करण्यापेक्षा मुद्दाम घडवून आणता आली तर अनुमान अधिक भक्कम होते, आणि याची सर्वांत रेखीव मांडणी नैयायिकांनी नव्हे, तर बौद्धांनी केली. धर्मकीर्तीच्या परंपरेत कार्य-कारणभाव हा व्याप्तीचा एक आधार मानलेला आहे, आणि तो निश्चित करण्याची पाच पायऱ्यांची रीत, जिला पंचकारणी म्हणतात, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या बौद्ध प्रकरणात दिलेली आहे. (या ग्रंथाची वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या संस्कृत टीकेसह आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती अजून वापरात आहे.) आधी कार्य दिसत नाही, मग कारण दिसते, मग कार्य दिसते, मग कारण नाहीसे होते, आणि मग कार्यही नाहीसे होते: या पाच अनुभवांनी धूर हा अग्नीचेच कार्य असल्याचे ठरते. गॅरेजमधली सिलिंडर तोडून पाहण्याची रीत या पंचकारणीचा अर्धा भाग आहे. इंजिन ठोकत असताना एकेका सिलिंडरचे इंजेक्टरचे कनेक्शन काढले जाते, म्हणजे त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, आणि ज्या सिलिंडरापाशी ठोका दबतो तो दोषी धरला जातो. कनेक्शन पुन्हा जोडल्यावर ठोका परत आला की अन्वय, म्हणजे हे असता ते असणे, आणि व्यतिरेक, म्हणजे हे नसता ते नसणे, दोन्ही हाती लागतात. जुन्या गाड्यांत यासाठी प्लगची वायर काढत, पण आता न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बिघडण्याची भीती असल्यामुळे इंधनच तोडणे शहाणपणाचे ठरते.

पण या चाचणीत नेमके काय काढून घेतले जाते याकडे दुर्लक्ष होते, आणि चुकीचे निदान पुष्कळदा येथेच जन्मते. सिलिंडर तोडल्याने झीज नाहीशी झालेली नसते. नाहीसा झालेला असतो तो स्फोटाचा दाब, जो झिजलेल्या फटीत रॉडला आपटवतो. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर काढून घेतले ते एक निमित्त, सहकारी कारण, आणि अनुमान केले जाते ते दुसऱ्याच कारणाचे. त्यामुळे ही चाचणी दोष कोणत्या सिलिंडरात आहे हे सांगते, तो बेअरिंगमध्ये आहे की पिस्टनच्या पिनमध्ये हे खात्रीने सांगत नाही, कारण स्फोटाचा दाब दोघांनाही आपटवतो. अन्वय-व्यतिरेक मिळाले म्हणजे कारण मिळाले असे मानण्याची घाई दर्शनग्रंथांतही पुष्कळदा दिसते, आणि पंचकारणीवर नैयायिकांनी केलेल्या टीकेचे मर्मही याच बाजूचे आहे: दिसलेले कारण गेले तेव्हा त्याच्याबरोबर न दिसलेले आणखी काय गेले, हे निरीक्षक कशावरून सांगणार?

आवाज नेमका कोठून येतो ही त्याहून वेगळी अडचण आहे, आणि तिच्यासंबंधी न्याय-वैशेषिकांनी जे म्हटले ते अनपेक्षितपणे उपयोगी पडते. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून, ढोलावर टिपरी पडली की उत्पन्न होणारा शब्द स्वतः प्रवास करीत नाही. तो शेजारी दुसऱ्या शब्दाला जन्म देतो, तो तिसऱ्याला, आणि कानात पोचतो तो या मालिकेतला शेवटचा. ही मालिका पाण्यातल्या लाटांसारखी एका मागून एक पसरते असे मानणाऱ्यांचा तो वीचितरंगन्याय, आणि कदंबाच्या गोल फुलासारखी सर्व दिशांना एकदम फुटते असे मानणाऱ्यांचा तो कदंबगोलकन्याय. शब्दाला आकाशाचा गुण मानणे आज टिकणारे नाही. पण ऐकलेला शब्द आणि उत्पन्न झालेला शब्द हे दोन वेगळे असून मधल्या प्रत्येक टप्प्यावर माध्यमाचा वाटा असतो, ही समजूत इंजिनाला तंतोतंत लागू पडते. बीड आणि ॲल्युमिनियम यांच्यातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने जातो, त्यामुळे खालच्या बेअरिंगचा ठोका वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून ऐकू येतो आणि एखादे सैल पत्र्याचे झाकण तोच ठोका स्वतःचा करून मोठ्याने वाजवते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घेऊन, एकेका जागी ऐकत जाणे म्हणजे मालिकेतल्या शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे मागे चालत जाणे होय. शब्द फिरणाऱ्या पट्ट्यांजवळून मागे नेताना बाही आणि बोटे सांभाळावी लागतात, ही सूचना कोणत्याही दर्शनग्रंथात सापडणार नाही.

परिशेषाचा, म्हणजे संभाव्य पर्याय एकेक वगळून उरलेल्यावर येण्याचा, मार्ग यात अर्थातच वापरला जातो. ‘शेषवत्’ या अनुमानप्रकाराचा एक अर्थ भाष्यकाराने हाच दिला आहे, आणि त्याचे उदाहरणही शब्दाचेच आहे: शब्द हा द्रव्य नव्हे, कर्म नव्हे, म्हणून तो गुण. फॅन बेल्ट काढून क्षणभर इंजिन चालवले आणि किरकिर थांबली तर अल्टरनेटर, वॉटर पंप आणि त्यांच्या पुल्या यांपलीकडे जाण्याचे कारण उरत नाही. या मार्गाचे बळ यादी पूर्ण असण्यावर अवलंबून असते, आणि पदार्थांची यादी वैशेषिकांच्या कणादाने पूर्ण केली असे मानता आले तरी बिघाडांची यादी पूर्ण करणारा कोणी झालेला नाही.

अनुमान खरे ठरले हे कशावरून कळते, या प्रश्नाला न्यायाचे उत्तर प्रसिद्ध आहे. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानाबरोबर आपोआप कळत नाही. ते परतः, म्हणजे दुसऱ्या कशावरून तरी, कळते, आणि ते दुसरे म्हणजे प्रवृत्तिसामर्थ्य, त्या ज्ञानाच्या आधाराने केलेल्या कृतीला आलेले यश. मृगजळ समजून घ्यायचे तर पाणी प्यायला जाऊन पाहावे. मीमांसकांची भूमिका उलट आहे: ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत. गाडीचा मालक बहुधा मीमांसक असतो. मेकॅनिकने सांगितले ते बिल येईपर्यंत खरे. मेकॅनिक मात्र नैयायिक असावा लागतो, आणि त्याच्या दृष्टीने प्रवृत्तिसामर्थ्याचा अर्थ उघड दिसतो: भाग बदलला, आवाज थांबला, निदान खरे ठरले.

येथेच या सिद्धान्तातली एक पोकळी इंजिनाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यात ऑइलसाठी जी फट राहते ती चांगल्या अवस्थेत मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी, साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, असते. फट वाढली की ऑइल तेथे टिकत नाही, धातूवर धातू आपटतो आणि ठोका ऐकू येतो. पातळ ऑइलऐवजी २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल भरले तर ते वाढलेल्या फटीत अधिक टिकते आणि ठोका काही काळ दबतो. जुन्या गाडीच्या विक्रीपूर्वी हा उपाय केला जातो हे गुपित राहिलेले नाही. आता येथे ‘ऑइल खराब होते’ हे निदान करून कृती केली, आणि कृतीला यश आले. न्यायाच्या कसोटीप्रमाणे निदान यथार्थ ठरायला हवे, पण बेअरिंग होते तितकेच झिजलेले आहे. न्यायानेच या प्रकाराला नाव दिले आहे, ते म्हणजे उपाधी. उपाधी म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या संबंधात लपलेली अट: अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, ओले जळण असेल तरच असतो, म्हणून ओल्या जळणाचा संयोग ही उपाधी. शांततेवरून दुरुस्तीचे अनुमान असेच सोपाधिक आहे. आवाज थांबला त्यावरून दोष गेला असे म्हणायचे तर ‘ऑइल तेच असताना’ ही अट आधी पूर्ण व्हावी लागते. यातून एक गोष्ट अटळपणे निघते. कृतीचे यश हेही एक लिंगच आहे आणि त्यालाही व्याप्ती लागते. ज्याने अनुमानाची परीक्षा करायची ते स्वतःच अनुमानाच्या आश्रयाला येते. यश कशाला म्हणायचे हे कृतीमागच्या प्रयोजनावर ठरते, आणि विकणाऱ्याचे प्रयोजन आवाज थांबवणे हे असेल तर त्याच्या बाजूने ते ज्ञान सफल म्हणावे लागेल, ही आपत्ती टाळण्यासाठी प्रयोजन कोणाचे आणि किती काळासाठी हेही सिद्धान्तात आणावे लागते.

या शंकांना अंत नाही असे चार्वाक म्हणतो, आणि म्हणून तो व्याप्तीच नाकारतो. त्याला दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या उदयनाचे ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर असे की शंका व्याघातापर्यंतच चालते, धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो त्याची स्वतःची कृतीच त्याच्या शंकेला खोडून काढते. ठोका ऐकून ज्याने गाडी बाजूला घेतली आणि पुढे न्यायला नकार दिला त्याने, तोंडाने काहीही म्हटले तरी, व्याप्ती मान्य केली आहे. बाराव्या शतकात श्रीहर्षाने यावर उलटा वार केला की व्याघात आहे असे म्हणणे म्हणजेच शंका आहे असे म्हणणे, कारण शंकेशिवाय तिचा व्याघात होणार कसा. आणि हा वार तार्किकदृष्ट्या चोख आहे. तरी उदयनाच्या उत्तराचे मोल कमी होत नाही. तो शंका खोटी आहे असे म्हणत नाही, ती कोठे थांबते ते सांगतो.

मूळ प्रश्नाकडे येताना वात्स्यायनाच्या निवाड्याचे दोन भाग करणे भाग आहे. हेतू नीट न पाहता केलेले अनुमान चुकले, म्हणजे काजळी न शोधता टॅपेट बदलले, तर अपराध अनुमात्याचा हे निर्विवाद आहे. पण दुसराही एक प्रकार आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात एकेकाळी बनणाऱ्या पद्मिनी गाडीवर ज्याचा हात बसला त्या मिस्त्रीने टॅपेटची फट फिलर गेजने मोजून शेकडो वेळा जमवलेली असते, आणि ‘वरून टिकटिक तर टॅपेट सैल’ ही व्याप्ती त्याच्या अनुभवात जवळजवळ निरपवाद असते. न्यायाच्या व्याप्तिविचारात ज्याला भूयोदर्शन, म्हणजे पुनःपुन्हा पाहणे, आणि व्यभिचार न दिसणे म्हणतात, ते दोन्ही त्याच्याकडे असते. मग पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारी इंजिने आली. त्यांचा उच्च दाबाचा पंप कॅमशाफ्टवरच चालतो, इंजेक्टर उघडझाप करताना टिकटिकतात, आणि तो आवाज बिघाडाचा नसून सुस्थितीचा असतो. त्या मिस्त्रीने पहिल्यांदा अशा गाडीचे व्हॉल्व्ह कव्हर उघडले तर त्याने हेतू पाहण्यात कोणती कसूर केली? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने धूम या सामान्याच्या द्वारे सर्व धूर एकदम ज्ञात होतात असे मानून भविष्यातल्या धुराचा प्रश्न सोडवू पाहिला. पण टिकटिक या सामान्याखाली पुढे काय काय येणार आहे हे कारखानेही आधी सांगू शकत नाहीत. येथे अपराध अनुमात्यावर टाकणे म्हणजे अनुमानाला व्याख्येनेच निर्दोष ठरवणे होय. चुकले ते अनुमान नव्हतेच, असे म्हणत गेल्यास अनुमान कधीच चुकणार नाही, पण तशा अनुमानाचा उपयोगही कोणाला होणार नाही, कारण हातात असलेले अनुमान खरे की भासमान हे चूक उघड झाल्यावरच कळेल.

निवाड्याची ही उणीव आधुनिक गाडीत आणखी एका ठिकाणी उघडी पडते, आणि तेथे तर अनुमाताच सापडत नाही. सिलिंडरातले पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात आपोआप पेटले तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळून नॉकिंग होते, आणि ते पिस्टनला घातक असते. ते ओळखण्यासाठी इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यातल्या स्फटिकावर कंपनाचा दाब पडला की वीज उत्पन्न होते, आणि सेकंदाला साधारण ५ ते ८ हजार कंपनांच्या पट्ट्यातला संकेत वाढला की इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. एखादा सैल ब्रॅकेट किंवा उष्णतारोधक पत्रा त्याच पट्ट्यात खडखडू लागला तर संगणक त्यालाही नॉकिंग समजतो, ठिणगी मागे ढकलतो, आणि गाडीची ओढ कमी होऊन पेट्रोल अधिक लागते. मोराची नक्कल येथे पत्रा करतो. हे टाळण्यासाठी अभियंत्यांनी वात्स्यायनाचाच मार्ग धरला आहे: प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतर क्रँकशाफ्ट ठराविक अंशांतून जात असतानाच सेन्सरचे ऐकायचे, इतर वेळचे सोडून द्यायचे, म्हणजे हेतूला काळाचे विशेषण लावायचे. त्याने बराचसा व्यभिचार दूर होतो, पण पत्रा क्रँकशाफ्टच्याच तालावर हलत असेल तर होत नाही.

न्यायमतानुसार ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, आणि अनुमाता म्हणजे ज्याच्या ठिकाणी लिंगाचे ज्ञान होऊन त्यातून साध्याचे ज्ञान उत्पन्न होते तो. संगणकाला आत्मा नाही, म्हणून त्याच्याकडे परामर्श, म्हणजे व्याप्तीने युक्त असा हेतू पक्षावर आहे असे ज्ञान, होत नाही. नैयायिक त्याच्या कृतीला अनुमान म्हणणारच नाही. तरी चूक घडलेली आहे, आणि ती पुराच्या व मोराच्या चुकीच्याच जातीची आहे. ती ज्या अभियंत्याने कंपनांची मर्यादा आणि अंशांची खिडकी ठरवली त्याची मानावी, तर त्याने ती ब्रॅकेट घट्ट असलेल्या इंजिनावर, चाचणीगृहात, शक्य तेवढी विशेषणे लावून ठरवलेली असते, आणि बोल्ट सैल झाला तो काही वर्षांनंतर, भलत्याच गावच्या रस्त्यावर. व्याप्ती एकाने ठरवली, हेतू दुसऱ्याच ठिकाणी ऐकला गेला, निष्कर्ष तिसऱ्याने काढला, आणि त्यांपैकी कोणा एकापाशी ही तिन्ही ज्ञाने एकत्र आली नाहीत. भाष्यकाराने अपराध ज्याच्या माथी मारला तो माणूस या साखळीत कोणत्याच जागी उभा नाही.